डबीशेजारची जागा

बेहाला, कोलकाता
कोजागिरीनंतरचा मंगळवार

प्रिय मंगल,

पाकीट तर फोडलंसच, आता जरा थांब आणि मागे कोण उभं आहे ते बघ. अश्विनी सूनबाई असेल तर तिला गिरणीत पाठव, अनिल असेल तर मळ्यात. मग चष्मा लाव, मागच्या दाराच्या पायरीवर उन्हात बस आणि एकटीनं वाच. फोन का नाही केला म्हणशील. तुझा फोन म्हणजे देवळातला भोंगा, तू तो कानाला लावतच नाहीस, सगळ्या आळीला ऐकवतेस. आणि दुसरं असं की, नको तो विषय निघाला की तुझ्या दारात लगेच कुणीतरी आलेलं असतं. कागदाला काही तुला मध्येच तोडता यायचं नाही. अक्षराला हसू नकोस. तू चौथी पास, मी तिसरीतून म्हशीमागं गेलेली. हे लिहायला मला चार दुपारी लागल्यात आणि भाग्यश्री दोनदा विचारून गेली, की आई, मृत्युपत्र करताय का. तर आधीच सांगते, घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. उलट इतकी आनंदात आहे की परवा जिन्यात पाय घसरता घसरता राहिला, लक्षच नव्हतं. तुला एक आनंदाचं सांगायचंय आणि एक विचारायचंय. विचारायचंय ते तुझ्या तोंडाबद्दल, हे आत्ताच सांगून ठेवते. पण आनंदाचं आधी, कारण ते ऐकल्याशिवाय दुसरं तू ऐकून घ्यायची नाहीस.

आपली नात आभा दाताच्या कॉलेजात पहिली आली हे तुला कळलं, पण कशात ते तू विचारलंच नाहीस. तुला वाटलं असणार दात उपटण्यात. अगं, उपटणं पुढं. ही पहिली आली पॅथॉलॉजीत. म्हणजे शरीर बिघडतं ते नेमकं कुठं आणि कसं, हे मायक्रोस्कोपमधून बघायचं शास्त्र. दाताच्या डॉक्टरांना ते एक वर्ष सगळ्या शरीराचं शिकायला लागतं आणि मग पुढं नुसत्या तोंडाचं. मला वाटायचं तोंडात बघायचं ते काय, बत्तीस दात आणि एक जीभ, चार दिवसांत संपेल. तर मंगल, एवढ्याशा जागेवरचं तिचं पुस्तक आपल्या पाट्याएवढं जड आहे. मी एकदा उशाला घेऊन पाहिलं, मान धरली.

आणि ते सगळं पुस्तक माझ्या कानावरून गेलंय. दिलीप बँकेत, भाग्यश्री शाळेवर शिकवायला, घरात उरलो मी आणि ही. दुसऱ्याला समजावून सांगितलं की पाठ होतं म्हणे, आणि दुसरं कोण, तर मी. मी मटार सोलत बसायचे आणि ती ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारत सांगायची. तिचं मराठी तुला माहीत आहे, आठ वर्षांची होती इथं आलो तेव्हा, बांगला भडाभडा बोलते आणि मराठीत दात तो, दाढ तो, जीभही तोच. पण मी अडले की ती थांबायची आणि माझ्यासाठी शब्द शोधायची. एकदा म्हणाली, सूज आली हे ओळखायच्या पाच खुणा. लाली, फुगवटा, गरमपणा, ठणका आणि पाचवी, त्या जागेचं काम बंद. मी म्हटलं, पाचवी पुस्तकात लिहायला कशाला पाहिजे, बोटाला नखुर्डं झाल्यावर भांडी कोण घासतं. ती खुर्चीवर बसून हसायला लागली, म्हणाली, आजी, हे परीक्षेत लिहू का. जखम भरते कशी हे तर उलट मीच तिला सांगितलं, अप्पांच्या पायावर कुऱ्हाड बसली होती तेव्हा आपण दोघी रोज फडकं बदलायचो, ते सगळं. कधी पाणी आलं, कधी खपली धरली, खालून लालभडक नवं मांस कसं दाण्यादाण्यानं वर आलं. ती वही घेऊन लिहून घेत होती गं. माझं बोलणं कुणी लिहून घेतंय हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. फक्त एकदा माझं वाटोळं केलं तिनं. म्हणाली, काही आजारांत आतलं मांस मरून छेन्यासारखं होतं, पांढरं, भुसभुशीत. छेना म्हणजे नासवलेल्या दुधाचा चोथा, ज्याची इथं संदेश नावाची मिठाई करतात. आणि त्याच दिवशी शेजारच्या बाई विजयादशमीची मिठाई घेऊन आल्या. मी तो संदेश हातात धरून एवढा वेळ बसले की त्यांना वाटलं माझा उपास आहे.

आता माझी फजिती ऐक, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. त्यांना मायक्रोस्कोपमधून जे दिसतं ते वहीत काढावं लागतं, दोनच पेन्सिली घेऊन, गुलाबी आणि जांभळी. कातडीचे थर गुलाबी, आणि प्रत्येक पेशीच्या पोटात एक जांभळा ठिपका. मागच्या वर्षी कालीपूजेच्या सुट्टीत तिच्या सात वह्या राहिल्या होत्या आणि पोरीला ताप. मी म्हटलं, आण इकडे, ठिपके काढत म्हातारी झालेय मी. तुला आठवतं ना, आळीत रांगोळी माझीच, एक्कावन्न ठिपक्यांची, न मोजता. तर मी ठिपके भरायला बसले. एका पानावर तिनं आधीच थोडे काढून ठेवले होते, पण कसले, एक मोठा, एक बारका, एक काळाकुट्ट, एक ओळ सोडून भलतीकडेच. मला वाटलं तापात हात थरथरला असेल. मी रबरानं ते सगळे पुसले आणि एकसारखे, ओळीत, दाण्यासारखे ठिपके मांडले. इतकं सुंदर झालं पान. कॉलेजात त्यांच्या मोठ्या मॅडमनी, सुचित्रा मॅडमनी, ते पान उघडलं, चष्मा वर केला आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, "आभा, ह्या पेशंटला बरं कोणी केलं?" कारण ते चित्र आजाराचं होतं, मंगल. कॅन्सरच्या आधीची पायरी. ठिपके वेडेवाकडे होणं हाच तो आजार. आणि मी त्याला रबर आणि पेन्सिल घेऊन एका दुपारी निरोगी करून ठेवलं होतं.

पोरीनं खरं सांगून टाकलं, माझ्या आजीनं काढलं. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी पान अजून एकदा पाहिलं, म्हणाल्या, हात फार चांगला आहे, ह्या बाईंना एकदा खरी स्लाइड दाखवायला पाहिजे, घेऊन ये. आता मला कुणी शाळेत बोलावलं म्हणजे काय हे तू समजू शकतेस. मी मोरपंखी नेसले, ती तुझ्या नातीच्या, कादंबरीच्या बारशाला तूच दिलेली. बसमध्ये कंडक्टर शियालदा शियालदा ओरडत होता आणि मी आभाला तीनदा विचारलं, माझं नाक पुसलेलं आहे का. आणि खोटं कशाला बोलू, निघताना मी दाराआड उभं राहून एक चिमूट मिशरी लावली होती. मोठ्या माणसांसमोर जायचं तर तोंड स्वच्छ नको का. तीच माझी अक्कल.

मॅडम बागबाजारच्या, जुन्या कोलकात्याच्या. मला माशीमा म्हणतात, इथं वयस्क बाईला तसं म्हणतात. बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि मी बोलायला तोंड उघडलं तशी त्यांची नजर माझ्या दातांवर. काय लावता विचारलं. मी पदरातून डबी काढून टेबलावर ठेवली. मंगल, तिथं एवढे शिकलेले डॉक्टर, गुटखा ठाऊक, खैनी ठाऊक, गुल ठाऊक, पानातला दोक्ता ठाऊक, पण मिशरी कुणी पाहिलेली नव्हती. तव्यावर तंबाखू काळा होईतो भाजायचा, कुटायचा, वस्त्रगाळ करायचा, हे मी सांगत होते आणि पाचसहा पांढरे कोट माझ्याभोवती उभे. मॅडम हसून म्हणाल्या, तुम्हा मराठ्यांना अडवायला आमच्या लोकांनी बागबाजारापासून खंदक खणला होता, आणि तुम्ही बघा, पदरात दारूगोळा घेऊन माझ्या टेबलापर्यंत आलात. सगळे हसले, मीपण हसले, अर्थ आभानं घरी आल्यावर सांगितला, पूर्वी मराठे बंगाल लुटायला यायचे म्हणे. मग मॅडम म्हणाल्या, माशीमा, आता एकदा आ करा.

त्यांनी गाल बोटानं बाजूला केला आणि दिवा धरला. गालाच्या आत, खालच्या दाढेपाशी, जिथं आपण चिमूट दाबतो तिथंच, एक पांढरा पट्टा होता. आपल्याकडे शेणानं सारवलेल्या भिंतीवर चुना उडतो ना, तसा. कापसानं पुसून पाहिला, जाईना. दुखत नव्हता, खुपत नव्हता. मला तो आहे हेच माहीत नव्हतं. आभाकडे बघितलं तर तिनं पुस्तक छातीशी धरलेलं, तापात होती तेव्हापेक्षा पांढरी पडलेली. वर्षभर माझ्यासमोर फेऱ्या मारून तिनं हाच पट्टा पाठ केला होता, आणि मी मटार सोलत होते, आणि तो माझ्या तोंडात होता.

मग बायप्सी. हा शब्द ऐकून तू हात जोडू नकोस. सुन्न करायची सुई देतात, तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढतात, दोन टाके घालतात. कान टोचताना तू जेवढी रडली होतीस त्याच्या चौथा हिस्सापण नाही. चार दिवस मऊ भात खाल्ला. त्या तुकड्याची पापुद्र्यासारखी चकती करून काचेवर लावतात आणि तिला दोन रंग देतात, तेच, गुलाबी आणि जांभळा. आठ दिवसांनी मॅडमनी मला मायक्रोस्कोपशी बसवलं. मला आधी नुसत्या माझ्या पापण्या दिसल्या. मग त्यांनी काहीतरी फिरवलं आणि मंगल, काय सांगू. लुगडंच गं. वर गुलाबी अंग, थरावर थर, मध्ये जांभळे ठिपके, आणि खाली गर्द जांभळ्या ठिपक्यांचा नागमोडी काठ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. हा माझा गाल. ज्यानं सत्तर वर्षं भाकरी खाल्ली, भांडणं केली, तो आतून एवढा नटलेला. मी म्हटलं हे तर जरीकाठ आहे. मॅडम म्हणाल्या, बरोबर, त्या काठावरच सगळं आहे. काठाच्या वर असतो तोवर आजार आपल्या हातात असतो, काठ फोडून खाली उतरला की मग पळापळ. तुमचा काठ शाबूत आहे. पण खालच्या दोनतीन ओळी नीट बघा. मी बघितल्या. ठिपके वेडेवाकडे होते. एक मोठा, एक बारका, एक काळाकुट्ट. वहीत मी जे पुसून सारखे केले होते तेच, माझ्याच गालात, आणि तिथं रबर चालत नव्हतं.

त्यावर औषध एकच, मिशरी बंद. त्या क्षणापासून. पहिले पंधरा दिवस मी घरात कुणाला सोडलं नाही. दिलीपला म्हटलं तू बापासारखा हट्टी, भाग्यश्रीला म्हटलं तुझी आमटी पाण्यासारखी, आणि सकाळी हाताचं बोट आपोआप तोंडाकडं जायचं, मग मी ते रागानं तुळशीच्या कुंडीत खुपसायचे. आभानं बडीशेप भाजून त्याच मापाच्या डबीत भरून दिली. दर तीन महिन्यांनी मॅडम तोंड बघतात. चैत्रात पट्टा अर्धा झाला होता, आता भाद्रपदात म्हणाल्या, शोधावा लागतोय. तपासणी जन्मभर करायची, पण ते काय, त्या निमित्तानं चहा मिळतो. आणि माझी डबी, ती पितळेची, आईनं दोघींना एकाच जत्रेत घेतलेली, ती कुठं आहे ठाऊक आहे? त्यांच्या विभागात एक संग्रहालय आहे. बरण्यांमध्ये जबडे, दात, गाठी ठेवलेल्या, मुलांना शिकायला. तिथं काचेच्या कपाटात, मधल्या फळीवर, माझी डबी. खाली चिठ्ठी, इंग्रजीत, बांगलात आणि आभाच्या हातच्या मराठीत: 'मिशरी. महाराष्ट्र. वापरणाऱ्या बाईनी स्वखुषीनी दिली.' नी दोन्हीकडं चुकलंय म्हणे, पण मी बदलू दिलं नाही.

आणि परीक्षेचं तर राहिलंच. तोंडी परीक्षेला बाहेरगावचे सर आले होते, कडक म्हणून गाजलेले, मुली बाहेर येऊन रडत होत्या. त्यांनी आभाला विचारलं, तंबाखू न ओढता, न चघळता, आणखी कशा तऱ्हेनं घेतात. तिनं मिशरी सांगितली, भाजण्यापासून दाबण्यापर्यंत, कुठल्या जागी पट्टा येतो, आतले ठिपके कसे बदलतात, काठ कुठं बघायचा. सर म्हणाले हे कुठल्या पुस्तकात एवढं दिलंय. ती म्हणाली, "सर, माझी आजी लावायची. आता नाही लावत." घरी येऊन तिनं मला हे सांगितलं तेव्हा मी कणीक मळत होते, तशाच हातांनी तिला धरलं, तिचा पांढरा कोट खराब झाला. पहिला नंबर तिचा आला, पण निकालाच्या दिवशी मॅडमनी पेढे मलाच आधी दिले. तिसरीतून उठलेल्या बाईनं डॉक्टरीच्या परीक्षेचे पेढे खाल्ले, हे आईला कळायला पाहिजे होतं.

आता तुझं. मुद्दाम लांबवत आणलं, कळतंय मला. आभानं एक शिकवलंय. आपली तीन बोटं, उभी, एकावर एक धरून, दातांच्या मधून आत गेली पाहिजेत. ज्याची जात नाहीत त्याचं तोंड आतून आवळत चाललंय. मला नवीन खेळणं मिळाल्यासारखं झालं, मी बिल्डिंगमध्ये सगळ्यांची बोटं घालून पाहिली, लिफ्टवाल्याचीसुद्धा. आमच्या चौरस्त्यावरच्या मासेवाल्याची दोनच गेली. दिवसभर सुपारी त्याच्या गालात, तुझ्या असते तशीच. मी हसले, आभा हसली नाही. त्याच आठवड्यात त्याला कॉलेजात नेऊन सोडलं, आता उपचार चालू आहेत, सुपारी सुटली, तोंड थोडं सैल पडलंय. मला कोळंबी निवडून देतो.

वैशाखात कादंबरीच्या लग्नाला आले होते तेव्हा मी हे सगळं शिकून आले होते. बायप्सी होऊन चार महिने झाले होते आणि मी तुला एका शब्दानं सांगितलं नाही. हळदीच्या दिवशी पंगतीत तू ठेचा बाजूला सारलास. तू, मंगल, जी मिरची नुसती चावायची. दुधात भाकरी कुस्करून घेतलीस, म्हणालीस दाढ हलतेय. दुसऱ्या दिवशी पहाटे मागच्या पायरीवर तू डबी पुढं केलीस, नेहमीसारखी, आधी अक्काला. मी नाही म्हणू शकले नाही. तुझ्या हातची मिशरी नाकारायची म्हणजे तुलाच नाकारल्यासारखं. मी चिमूट घेतली, तुझं लक्ष नाही बघून पदराच्या टोकाला पुसली आणि नुसतं बोट फिरवत बसले. त्या वेळी बोलायला पाहिजे होतं. लग्नघर आहे, नंतर बोलू, असं मी मनाला सांगितलं. खरं म्हणजे मला भीती वाटली. श्रावणात तू पाठवलेली मिशरीची पुडी आली, ती तशीच बांधलेली आहे. मिळाली एवढंच मी फोनवर म्हटलं, आणि तू म्हणालीस, यंदा तंबाखू चांगला निघाला, अक्का.

आणि परवा निकालाच्या दिवशी व्हिडिओवर आभा म्हणाली, मंगलआजी, माझ्यासमोर पेढा खा. अश्विनीनं तुझ्या हातात अख्खा पेढा दिला. तू तो चिमटीनं मोडलास, एवढासा तुकडा ओठांच्या फटीतून आत सारलास, गाल दाबून धरलास आणि उरलेला तिला देऊन टाकलास, आणि मग पदर तोंडाला लावून हसलीस. एवढी हसणारी तू, दात न दाखवता. फोन ठेवल्यावर आभानं आपली तीन बोटं स्वतःच्या तोंडाशी धरली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, दाढ हलतेय तिची. ती म्हणाली, "आजी, वैशाखापासून?"

म्हणून हे पत्र, मंगल. तुला आठवतं का, तू अकरा वर्षांची, दाढ ठणकत होती, आई भांगलायला गेलेली. मी आईची डबी काढली आणि तुला म्हटलं, डोळे मीट, आ कर. तू विचारलं नाहीस काय आहे. अक्का म्हणाली म्हणून आ केलंस. मी माझ्या बोटानं चिमूट लावली, तू गरगरून अंगणात पडलीस, ओकलीस, पण दाढ थांबली, आणि दुसऱ्या दिवशी तूच मागायला आलीस. तुझ्या तोंडात ती पहिली चिमूट माझ्या हातची, हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले होते तेव्हासुद्धा माझा गाल बघत होते आणि तुझा दिसत होता. तर ऐक. मी आणि आभा येतोय, तिकिटं काढलीत, वसुबारसेला दुपारी दारात असू. दुसऱ्या दिवशीची कऱ्हाडच्या डॉक्टरीणबाईंची वेळ मॅडमनी फोन करून घेतलीय. त्याआधी जायची तयारी असेल तर अनिलला आज सांग, उद्याच जा, मला आणखी बरं वाटेल. पण लाज वाटत असेल, भीती वाटत असेल, तर मी येईतो फक्त एवढं कर, मिशरी आणि सुपारी दोन्ही शिंकाळ्यावर ठेवून दे. जे असेल ते असू दे. काठ शाबूत असेल तर माझ्यासारखंच तुळशीत बोट खुपसशील, नसेल तर त्यालाही उपाय आहेत, ते आभाला पाठ आहेत आणि मी बरोबर आहे, बरं झाल्याशिवाय हलणार नाही. पुरणाचा घाट घालू नकोस. चहासुद्धा नंतर. आम्ही आलो की पायरीवर उन्हाला बस, त्या दिवशीसारखे डोळे मीट आणि न विचारता एकदा आ कर, ह्या वेळी माझ्या नातीसमोर. मी तुझा हात धरून शेजारी बसते. आणि आम्ही परत निघताना तुझी पितळेची डबी माझ्या पिशवीत घालून दे. काचेच्या कपाटात माझ्या डबीशेजारी तेवढीच जागा मोकळी आहे, मी मॅडमना सांगून ठेवलंय, तिथं दुसरं काही ठेवू नका, माझी बहीण येतेय.

तुझीच,
अक्का